वरीलप्रमाणे

माझ्या दुकानात कोणी टायपिंगचा कागद घेऊन आला आणि त्यात एकाखाली एक त्या दोन बारीक रेघा दिसल्या, की माझं डोकं फिरतं. डिट्टो. म्हणजे वरीलप्रमाणे. वरच्या ओळीत जे आहे तेच खालीही समजा, आम्हाला पुन्हा लिहायचा कंटाळा आहे. मी कागद तसाच परत करतो. नीट लिहून आणा, मग बसतो, असं तोंडावर सांगतो. गिऱ्हाईक मनातल्या मनात शिव्या देत जातं. बायको म्हणते, "एवढ्याशा रेघेवरून काऊन भांडता हो लोकायसंगं?" तिला मी कारण सांगितलं आहे, पण अर्धंच. त्या दोन रेघांनी माझं ठरलेलं लग्न मोडलं, एवढं तिला ठाऊक आहे. पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही.

गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. आमचं गाव चामोर्शीकडचं, घरी धानाची शेती. मी चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकलो आणि तिथेच एक गाळा भाड्यानं घेऊन दुकान टाकलं. दोन कॉम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि रोजचं लोडशेडिंग. कमाई यथातथाच होती. पण त्या काळी मुलगा कॉम्प्युटरवाला आहे म्हटलं की मुलीकडचे लोक खुर्ची पुसून बसायला द्यायचे. माझंही लवकर जमलं. मुलगी नदीपलीकडच्या गावची, बारावी शिकलेली, गावातल्या बालवाडीत शिकवायची. दिसायला चारचौघींसारखी, पण हसायला लागली की थांबायची नाही. मला ती पाहताक्षणी आवडली होती, उगाच कशाला लपवू. साखरपुडा, म्हणजे आमच्याकडचं साक्षगंध, झालं, लग्न वैशाखात ठरलं.

त्याच हिवाळ्यात चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी सिकलसेलचं शिबिर लागलं. आमच्या भागात हा आजार घराघरांत आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे ठणकतात, लेकरं रात्रंदिवस रडतात. माझ्या वहिनीच्या भाच्याला तो होता. थंडी पडली की त्या पोराचे हाल बघवत नसत. म्हणून वहिनीनंच धोशा लावला, "भाऊजी, लग्नाआधी दोघंबी रगत तपासून घ्या. मंग पाह्यजे तेवढे नाचा." तिनं तिकडे निरोपही धाडला. बाजाराला येताच आहात तर मुलीला घेऊन या म्हणून.

शिबिर एका धर्मादाय दवाखान्याचं होतं. शाळेच्या पटांगणात मंडप, आणि मंडपात दवाखान्याच्या डॉक्टरबाई माइकवर समजावून सांगत होत्या. केस पांढरे झालेल्या, आवाज मात्र खणखणीत. त्या सांगायच्या, आजार अर्धाही असतो. अर्धा असलेल्याला वाहक म्हणतात. त्याला स्वतःला काही होत नाही, त्यानं खुशाल लग्न करावं, लेकरं होऊ द्यावी. नवराबायकोत एकाला असला तर घाबरायचं कारण नाही. फक्त दोघंही वाहक असले तर लेकराला पूर्ण आजार होण्याची भीती असते. तेव्हा दोघांना असेल तर विचार करा. हेच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, समोरच्या बाया पदर सावरत ऐकत होत्या.

मुलगी तिच्या आईबरोबर आली होती. मी आपला लांब उभा, जसा काही मी तिथला नव्हेच. वहिनी कुठे सोडते! "आता काऊन लाजून राह्यले? जा, उभे राहा लायनीत दोघं. पुढं जलमभर उभंच राहाचं आहे." तिची आईसुद्धा हसली. मग आम्ही दोघं एकामागे एक उभे राहिलो. ती सुईला घाबरत होती. हळूच म्हणाली, "तुम्ही आधी द्या. दुखते का ते पाहतो मी, मंग देतो." आमच्याकडे बायाही अशाच बोलतात. मी बाही वर करून हात असा पुढे केला, जसा काही कुस्तीला निघालो आहे. रक्त घेणाऱ्या लॅबवाल्यानं मान वर न करता विचारलं, "घरचेच का दोघं?" मी मागे पाहिलं. तिनं तोंडावर हात धरला होता आणि खांदे हलत होते. मी म्हटलं, "हो." मला इतकं बरं वाटलं होतं तो "हो" म्हणताना, की हातात सुई कधी गेली तेही कळलं नाही.

काही आठवड्यांनी कार्डं आली. नॉर्मल असेल त्याला पांढरं, वाहकाला पिवळं, पूर्ण आजार असेल त्याला लाल. आम्हा दोघांना पिवळी आली.

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर निदान कोणाचा तरी राग धरता आला असता. दोन्हीकडची माणसं आमच्या घरी बसली, चहा झाला, कोणी आवाज चढवला नाही.  वहिनी आत चुलीपाशी बसून रडत होती. मीच मुलीला निरोप दिला की एकदा भेट. बसस्टँडवर ती भावाबरोबर आली. भाऊ बिचारा पानठेल्याकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हटलं, "तुझं काय म्हणणं आहे? तू हो म्हटलं त मी घरच्यायचं ऐकत नाई."  ती म्हणाली, "तुमच्या वहिनीचा भाचा पाह्यला मी. तसं लेकरू माह्या मांडीवर रडलं त मले नाई सोसणार."  साक्षगंधाची साडी, नारळ, सगळं परत आलं. वैशाखात त्या तारखेला मी दुकान उघडं ठेवलं आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसलो.

पिवळं कार्ड लपत नाही. सोयरीक मोडली की का मोडली हे चार गावांत होतंच. डॉक्टरबाई माइकवर घसा फोडून सांगत होत्या, वाहक म्हणजे आजारी नव्हे. पण ऐकतं कोण? मुलगी सिकलची, एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं. तिला चांगली स्थळं येईनाशी झाली. शेवटी मुलचेऱ्याच्या पुढे एका बिजवराला दिली. त्याची पहिली बायको तापानं गेलेली, पदरात एक लहान पोरगी. वहिनीनंच मला सांगितलं. "त्यालेबी पिवळंच कार्ड आहे म्हणे. लेकराचं नाव घ्याचं नाई, असं ठरवूनच लगन केलं." मी हूं म्हटलं आणि जेवत राहिलो. माझ्याकरिताही मुली पाहणं सुरू झालं होतं. मी दरवेळी काहीतरी खोट काढायचो. एकीचं नाक, एकीचं गाव. घरचे वैतागले माझ्यापायी.

अशी तीन-चार वर्षं गेली. आणि एक दिवस दुकानात फोन वाजला. त्याच दवाखान्याच्या डॉक्टरबाई.

त्यांच्याकडे गावागावांतल्या शिबिरांची सगळी माहिती वह्यांतून कॉम्प्युटरवर चढवलेली होती, कार्डंही त्यावरूनच निघायची. ते काम ज्या पोराकडे होतं तो नागपूरला नोकरी लागून निघून गेला होता. आता जिल्ह्याला अहवाल पाठवायचा होता, कोणत्या गावात किती वाहक, किती आजारी. "क्वेरी चालवली की भलतीच अक्षरं येतात हो," त्या म्हणाल्या. "व्हायरस वगैरे असेल का? तुम्ही येऊन बघाल?" मी कोण हे त्यांना आठवण्याचं कारण नव्हतं. मनात आलं, नाही म्हणावं. पण काम ते काम. मी मोटरसायकल काढली.

क्वेरी म्हणजे कॉम्प्युटरला विचारायचा प्रश्न, तो साधा होता. प्रत्येक गावातले निकाल मोजायचे. एन म्हणजे नॉर्मल, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजारी. तीनच प्रकार यायला हवेत. पडद्यावर आले पाच. तीन हे, आणि खाली दोन भलते. एका ओळीत दोन टिंबांसारखं काहीतरी वर लटकलेलं, दुसरीत तसंच काहीतरी खाली पडलेलं. माणसाच्या रक्ताच्या जागी हे काय? पहिल्यांदा मला वाटलं फॉन्टची भानगड आहे. त्या दिवसांत मराठी फॉन्टनी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. फॉन्ट बदलून पाहिला, ती अक्षरं जागची हलली नाहीत. फायली एका मशिनवरून दुसऱ्यावर नेताना काही फाटलं का तेही पाहिलं. तसं नव्हतं. व्हायरस शोधला, तोही नव्हता. मग वैतागून त्या अक्षरांचे कोड काढून पाहिले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. एक होतं साधं एकेरी अवतरणचिन्ह, दोनदा दाबलेलं. दुसरं होतं स्वल्पविराम, तोही दोनदा. अरे बापा, डिट्टो! वहीत डिट्टोच्या रेघा होत्या, आणि टाइप करायला बसवलेल्या पोरींनी जे दिसलं ते हुबेहूब चढवलं होतं. एकीला ते चिन्ह या बटणावर सापडलं, दुसरीला त्या.

मी मोठ्यानं हसलो, आठवतं मला. डॉक्टरबाईंना म्हटलं, "व्हायरस नाही बाई, आळस आहे." त्याही हसल्या. उपाय अगदी सोपा वाटला. डिट्टो दिसला की वरच्या ओळीतला निकाल खाली भरायचा. आधीच्या पोरानंही तेच केलं असणार हे लगेच लक्षात आलं, कारण दुहेरी अवतरणचिन्ह असलेली एकही ओळ शिल्लक नव्हती. ते त्यानं भरून टाकलं होतं. ही दुसरी दोन चिन्हं त्याच्या नजरेतून सुटली, म्हणून आज वर आली. मी छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. चहा मागवला.

प्रोग्राम चालवायच्या आधी नुसतं बघावं म्हणून आधी भरलेल्या ओळी घरवार लावल्या. शिबिरात प्रत्येक घराला एक नंबर दिला होता, त्या घरातली माणसं रक्त दिलेल्या क्रमानं खाली. बघता बघता काहीतरी खटकायला लागलं. एखाद्या घरात बाप नॉर्मल, आई नॉर्मल, मग काका वाहक, आणि काकाच्या खाली लिहिलेली सगळी पोरं वाहक. दुसऱ्या घरात आजा नॉर्मल, आजी वाहक, आणि तिच्या खालची सून, नातवंडं सगळी वाहक. घर कोणतंही काढा. एकदा वाहक आला की त्या घरात त्याच्या खाली नॉर्मल माणूस सापडायचाच नाही. आणि आईबाप दोघं नॉर्मल असताना पोरं वाहक कशी? सून तर दुसऱ्या घरची! आजार रांगेत वरून खाली वाहतो की काय? माझा हात माउसवरच राहिला. चहा कधी आला, कोणी ठेवला, काही आठवत नाही.

मी उठून लॅबमध्ये गेलो. तोच माणूस होता, शिबिरात माझं रक्त घेणारा. आता जरा सुटला होता आणि डोळ्यांवर चष्मा आला होता. मी विचारलं, "भाऊ, निकालाच्या रकान्यात तुम्ही डिट्टो कसा मारत होते?" तो सरळ म्हणाला, "घराच्या पहिल्या माणसाले एन लिवाचं, मंग खाली डिट्टो. सगळे नॉर्मलच राह्यतेत ना बहुतेक. ज्याले निंघालं त्याचं लाल शाईनं लिवाचं. लाल नाई त नॉर्मल."

"लालच्या खाली डिट्टो असला तर?"

"त नॉर्मल. काळी रेघ आहे ना ते. पहिल्यापासून असंच लिवतो मी, सगळ्यायले समजते." मग माझं तोंड पाहून त्यानं चष्मा काढला. "काऊन? तुमच्या कॉम्प्युटरले लाल दिसत नाई का?"

मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. पण कोणत्या तोंडानं धरू? त्याची वही त्याच्यापुरती बरोबर होती. पोरींनी दिसलं ते टाइप केलं होतं. त्या नागपूरच्या पोरानं डिट्टोचा अर्थ लावला तो कोणीही लावला असता, मीही आता तोच लावायला बसलो होतो. आणि सिकल घराण्यात चालतो म्हणून एका घरात चार पिवळी कार्डं निघाली तरी कोणाला नवल वाटलं नाही. कपाटातल्या वह्या त्यानं स्वतःच खाली काढल्या. मी चामोर्शीची वही मागितली. तो म्हणाला, चामोर्शीचीच काऊन? मी पानं उलटायला लागलो.

माझं नाव सापडलं. पुढे लाल शाईत एएस. ठळक, दोनदा गिरवलेलं. त्याच्या खाली तिचं नाव, तिच्या गावाचं नाव, आणि पुढे दोन बारीक रेघा. काळ्या. आडनाव वेगळं, गाव वेगळं, पण घराचा नंबर माझाच. त्यानं आम्हाला एका घरचे धरलं होतं, म्हणून तिच्यासाठी नव्यानं एन लिहिला नव्हता. विचारल्यावर मीच हो म्हटलं होतं ना! रांगेत माझ्या मागे उभी राहिली म्हणून माझा निकाल तिला गेला. मला रडू आलं. तिथेच, त्या माणसासमोर, बाटल्यांच्या वासात उभा राहून मी रडलो. तो घाबरून पाणी आणायला पळाला.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या.  मग म्हणाल्या, "वही बघून कोणाला काही सांगायचं नाही. एकदा अंदाजावर भरलं तेवढं पुरे झालं. डिट्टोवरून ज्यांना पिवळं नाहीतर लाल कार्ड गेलंय त्या एकूणएक माणसांचं रक्त परत घ्यायचं, त्यांच्या दारात जाऊन." मी यादी काढून दिली. आणि म्हटलं, मुलचेऱ्याकडे जीप जाईल तेव्हा मी येतो. का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

जायचं ठरवलं तेव्हा मनात काय होतं, ते खरं सांगतो. तिचं लग्न झालेलं, आता आपलं काही नाही, हे मला कळत होतं. मी काही एवढा बावळट नव्हतो. पण तिच्या माथी जे लागलं होतं ते तरी पुसलं जाईल. सिकलची म्हणून तिला जिथे दिली तिथे तरी ताठ मानेनं राहील. आणि नवरा वाहक असला तरी ती नॉर्मल निघाली म्हणजे लेकराची भीती नाही. तिची मांडी रिकामी राहायचं कारण नाही. ही बातमी मी घेऊन जाणार. रस्ताभर मी हेच घोकत होतो. बंगाली निर्वासितांच्या गावांची तळी गेली, भाताच्या बांध्या गेल्या, लॅबवाला काहीबाही बोलत होता. माझं ध्यान नव्हतं.

घर मातीचं, पण सारवून लख्ख ठेवलेलं. अंगणात तिचा नवरा मासोळीचं जाळं विणत बसला होता. माझ्याहून बराच मोठा, उन्हानं रापलेला, शांत चेहऱ्याचा माणूस. उठून त्यानं बाज टाकली, पाणी आणलं. त्यानं हाक मारली तशी ती आतून आली. कमरेला ती पोरगी बिलगलेली. तिनं मला ओळखलं. पायरीवर क्षणभर थांबली, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि "या, बसा," म्हणाली, जशी अनोळखी माणसाला म्हणतात. नवऱ्याला मी कोण ते माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

लॅबवाल्यानं बेतानं सांगितलं की कार्ड लिहिताना काही चूक झाली असेल, तेव्हा बाईंचं रक्त परत बघायचं आहे. तिनं हात पुढे केला. सुईकडे सरळ बघत होती, डोळाही मिटला नाही. पोरीनंच भिऊन तिच्या पदरात तोंड खुपसलं. परीक्षा सोपी असते. नळीतल्या औषधात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. सिकल असेल तर पाणी गढूळ होतं, रेघा दिसत नाहीत. फरक समजावा म्हणून त्यानं नवऱ्याचंही रक्त घेतलं आणि आधी ती नळी धरली. ती गढूळ होती, मागचं काही दिसेना. मग तिची धरली. कागदावरची रेघ न् रेघ स्वच्छ दिसत होती.

"काईच नाई बाई तुमाले!" लॅबवाला जवळजवळ ओरडलाच. त्याच्याही जिवाला लागलं होतं इतके दिवस. "दवाखान्यात पक्की परीक्षा करूच, पण हे समोरच दिसून राह्यलं ना. तुमी नॉर्मल आहा. आता बिनधास्त लेकरू होऊ द्या."

नवऱ्याचा चेहरा आधी फुलला. मग तो माणूस एकदम खाली बसला. जाळं उगाच हातात घेतलं, उगाच ठेवलं.

"ते त मी बंद करून घेतलं ना भाऊ," तो म्हणाला. "लगन झालं त्याच साली. सरकारी दवाखान्यात बिनटाक्याचं ऑपरेशन होऊन राह्यलं होतं. मी म्हटलं दोघायलेबी पिवळं कार्ड आहे, उद्या लेकराले लाल निंघालं त काय करता? हिले कशाले त्रास, आपूनच जाऊन येऊ. एक पोट्टी आहेच."

आमच्या भागात पुरुष हे नसबंदीचं ऑपरेशन करून घेतात, त्याचा बाऊ करत नाहीत. शेतावर राबणाऱ्या बाईला टाके नकोत म्हणून नवरा स्वतः जातो. बायकोवर माया असलेलाच माणूस जातो. हे मला जन्मापासून माहीत होतं, आणि जीपमध्ये इतका वेळ बसून एकदाही माझ्या मनाला शिवलं नव्हतं. लॅबवाला चाचरत म्हणाला, "नागपूरले जोडून देतेत म्हणे. होते कधी कधी, कधी नाईबी होत." नवऱ्यानं मान हलवली. पोरगी आईच्या बांगड्या फिरवत होती. मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं.

ती बोलली ती लॅबवाल्याशी. "मंग त्या वेळी, चामोर्शीले, माह्या पुढं जे होते त्यायचं?"

त्याला आमच्या मोडलेल्या सोयरिकीची काय कल्पना? "त्यायचं बरोबर होतं बाई. त्यायले आहे."

"म्हंजे एकालेच होतं."

"हो. एकालेच."

"एकाले असलं त चालते ना? तुमच्या डॉक्टरबाई सांगत होत्या तेव्हा."

"चालते ना! काईच नाई होत."

तिनं पोरीचा हात बांगड्यांवरून काढला आणि माझ्याकडे पाहिलं. घरात शिरल्यापासून पहिल्यांदा. रागानं नाही पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"मंग हे मले सांगाले काऊन आले तुम्ही?" ती म्हणाली.

 नवरा चटकन उठला आणि तिला म्हणाला, "असं काऊन बोलते? बिचारे आपल्यासाठी एवढ्या दुरून आले." मग माझ्याकडे वळून त्यानं हात जोडले. "भाऊ, तिचं मनाले लावून घेऊ नका. जेवूनच जा."